धाकटा मुंबईत, थोरली माझ्याजवळ: तिला काय सांगू?

प्रश्न : माझा नातू साडेचार वर्षांचा. दिवाळीनंतर रोज सकाळी उठला की उलटी, मग दिवसभर बरा. आम्ही पित्त म्हटलं, जंताचं औषध झालं. पुढं चालताना भिंत धरायला लागला. एमआरआयमध्ये मागच्या बाजूला, लहान मेंदूत गाठ निघाली. डोक्यात पाणी साठलंय म्हणाले, घाईनं मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं. मेड्युलोब्लास्टोमा असं नाव सांगितलंय. आता सहा आठवडे रेडिएशन, मग केमो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून पोरगं बोलायचंच थांबलंय, नुसतं कण्हतंय. मुलगा आणि सूनबाई तिकडं. नऊ वर्षांची नात इकडं आमच्याजवळ. तिला 'बाळाला ताप आलाय' एवढंच सांगितलंय. ती धड जेवत नाही, रात्री माझा पदर मुठीत धरून झोपते. परवा अंधारात म्हणाली, "आजी, मी त्याला झोपाळ्यावरनं ढकललं होतं, त्यानं झालं का गं?" मी नुसतं 'झोप आता' म्हटलं. त्यात माझी लेक आली आणि नातीच्या देखत बोलली, "वहिनी मोबाइल दाखवून भरवायची, त्याचं हे फळ." नातीला खरं सांगावं का? एवढ्याशा जिवाला सोसेल का? आणि इथं बसून आम्ही म्हातारी माणसं करणार तरी काय?
– एक आजी, कसबा बावडा

उत्तर : काकी, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत दिवस जातात, म्हणून झोपाळ्याचं उत्तर तुम्हाला फोनवर आधीच कळवलंय. इथं ते बाकीच्यांसाठी परत लिहिते, कारण असा झोपाळा बऱ्याच घरांत असतो.

ढकलल्यानं, पडल्यानं, डोक्याला टेंगूळ आल्यानं ही गाठ होत नाही. लहान मेंदू बाळ पोटात असल्यापासून घडत असतो. त्या घडणीतल्या काही पेशी थांबायच्या वेळी थांबत नाहीत, वाढतच राहतात. बहुतेक मुलांत हे आपोआप घडलेलं असतं, त्यात कुणाचा हात नसतो. थोड्या मुलांत घराण्यातून आलेला जनुकीय दोष सापडतो. तशी शंका आली तर डॉक्टर स्वतःच घरातल्यांच्या आजारांची माहिती विचारतात. सकाळच्या उलटीचं कारणही नातीला समजेल इतकं सरळ आहे. मेंदूत पाणी फिरत असतं, गाठ त्याची वाट अडवते, रात्रभर आडवं झोपलं की दाब वाढतो. म्हणून उठल्याउठल्या उलटी आणि डोकेदुखी, आणि तासाभरात पोर खेळायला मोकळं. तोल सांभाळायचं काम लहान मेंदूचं, म्हणून भिंत धरणं.

मोबाइलचं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात घातलं, तेव्हापासून ही भीती घरोघरी गेली. त्यानंतर भारतासह १४ देशांत १० ते २४ वयाच्या मुलामुलींचा मोठा अभ्यास झाला. मोबाइलनं मेंदूच्या गाठी वाढतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. तेही फोन कानाला लावून बोलण्याबद्दल. समोर ठेवून गाणं बघत चार घास खाणारं पोर त्यात बसतही नाही. तुमच्या लेकीला बाजूला घ्या आणि हे स्पष्ट सांगा. ती वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. भाच्यासाठी तिचाही जीव तुटतोय, आणि अशा वेळी माणसाला कुणावर तरी बोट ठेवल्याशिवाय बरं वाटत नाही. पण हे वाक्य उद्या नात आईला फोनवर विचारेल, आणि ती बाई तिकडं वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून ते ऐकेल. लेकीला एवढं सांगा, ती गप्प होईल.

आता तुमचा खरा प्रश्न. सांगावं का? हो, सांगावं. याच आठवड्यात, आणि आजाराचं नाव घेऊन.

माझ्या मुलीला हाच आजार झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्ही शिवाजी पेठेत राहतो. मी तिच्याबरोबर परळला, टाटा हॉस्पिटलात. नवरा अर्धा तिथं आणि अर्धा मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत. दहा वर्षांचा थोरला मुलगा सासूबाईंजवळ. म्हणजे तुम्ही आत्ता जिथं आहात तिथं त्या होत्या. त्यामुळे पुढचं शहाणपण त्यांचं आहे, माझं नव्हे. सासूबाई चौथी शिकलेल्या, तोंडानं फटकळ. आम्ही मुंबईला निघाल्यावर त्यांनी एका संध्याकाळी नातवाला परड्यात शेंगा फोडायला बसवलं. हात कामात असले की पोरं मनातलं विचारतात, असं त्यांचं म्हणणं. आणि सांगितलं ते असं (मुलानं मला जसंच्या तसं ऐकवलंय, एकदा नव्हे): "तुझ्या भणीला कॅन्सर झालाय. डोस्क्यात, मागं, हितं. गाठ काढल्या. ऱ्हायलंसुरलं मारायला मशीन हाय, मग औषिद. वरीसभर चालंल. क्यास जातील, परत येतील. तू काय केलं न्हाईस, म्या काय केलं न्हाई, तुझ्या आईनं काय केलं न्हाई. आता इचार काय इचारायचं ते."

त्यानं तीन गोष्टी विचारल्या. मला होईल का? माझ्या फुटबॉलला कोण नेणार? ती मरणार का? याच क्रमानं. पोरांचा क्रम आपल्याला खुपतो, पण तो असाच असतो, त्यात आप्पलपोटेपणा काही नाही. पहिल्याला सासूबाई म्हणाल्या, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तिचं उष्टं खाल्लं तरी नाही. दुसऱ्याला, आजोबा नेतील. तिसऱ्याला, "ठावं न्हाई. डाक्टर बरी करायला धडपडत्यात. वंगाळ काय कळलं तर तुला दुसऱ्याच्या तोंडनं कळू देणार न्हाई, म्या सांगीन." मुलगा त्या रात्री पोटभर जेवला, असं सासऱ्यांनी फोनवर सांगितल्याचं आठवतं.

तिसऱ्या प्रश्नाला तुम्हीही 'काही होत नाही, देव आहे' असं म्हणू नका. खोटा शब्द नको, आणि घाबरवणंही नको. खरं काय आहे तेवढं तुम्हाला ठाऊक हवं. गाठ जवळपास पूर्ण निघाली असेल आणि मेंदूत किंवा मणक्यात इतरत्र पसरलेली नसेल, तर पूर्ण उपचार झालेल्या दहातली सातआठ मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. पसरलेली असेल तर हा आकडा खाली येतो. काढलेल्या गाठीची तपासणी करून तिचा गट ठरतो. मुख्य गट चार आहेत आणि चारही सारखे वागत नाहीत. तुमच्या नातवाचा गट कोणता, हे मुलाला डॉक्टरांना विचारू दे. माझ्या मुलीच्या हकिकतीवरून तुम्ही हिशेब बांधू नका, आणि शेजारच्या कुणाच्या वाईट हकिकतीवरूनही नको.

नातवाचं बोलणं थांबलंय, त्याबद्दल. नातीला हे वेगळं आणि आधी सांगा, नाहीतर तिला वाटेल तो तिच्यावर रुसलाय. या जागेच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाचं असं होतं. पहिल्या एकदोन दिवसांत मूल गप्प होतं, कण्हतं, चिडतं, अंग सैल पडतं. डॉक्टर याला पोस्टेरियर फॉसा सिंड्रोम म्हणतात. बोलणं बहुतेक मुलांचं परत येतं. कुणाचं काही आठवड्यांत, कुणाचं महिन्यांनी. सुरुवात एखाद्या शब्दानं होते, बोलणं बरेच दिवस संथ राहतं, काहींचं थोडं तसंच राहतं. त्यासाठी स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करतात. पण तो ऐकतोय. त्याला समजतंय.

म्हणून नातीला काम द्या. रोज तिचा आवाज रेकॉर्ड करून सूनबाईंना पाठवा. 'लवकर बरा हो' नको, ते मोठी माणसं म्हणतातच. गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली, केएमटीच्या बसमध्ये आज कोण कुणावर ओरडलं, आजोबांनी चष्मा कुठं हरवला, असलं. माझा मुलगा पेठेतल्या मॅचची कॉमेंट्री करून पाठवायचा, शिव्यांसकट. शेजारच्या खाटेवरचा सांगलीचा मुलगाही त्याची वाट बघायचा. व्हिडिओ कॉलवर मात्र कुणी 'बोल ना रे, आजी म्हण ना' असा धोशा लावू नका. ज्याला बोलता येत नाही त्याला बोल म्हणणं फार जाचक असतं.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं. तीन वर्षांखालच्या बाळांना डॉक्टर ते शक्यतो टाळतात किंवा लांबवतात, कारण कोवळ्या मेंदूवर त्याचे परिणाम जास्त होतात. तुमचा नातू त्या वयापुढचा आहे. या आजारात नुसत्या गाठीच्या जागी नाही, सगळ्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरण देतात. त्यासाठी डोकं हलू नये म्हणून प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, तो काही मिनिटांत कडक होतो. दिसायला बुंदीच्या झाऱ्यासारखी जाळी. एवढी लहान मुलं हलतात, म्हणून बऱ्याचदा रोज थोडी भूल देतात. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी थांबावं लागतं, आणि सगळ्यात जास्त रडारड तेव्हाच होते. किरण लागत असताना दुखत नाही. आणि हे नातीसाठी: मशीन बंद झालं की त्याच्या अंगात किरण उरत नाहीत. मिठी मारली तर चालते.

तिला एकदा मुंबईला घेऊन जा. रात्रीची महालक्ष्मी आहेच, सकाळी दादरला उतरता येतं. वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत असं असू शकतं, तर राहत्या ठिकाणी भेट घडवा. आधी सांगून ठेवा: मानेच्या वर टाके आहेत, स्टेरॉइडमुळे चेहरा सुजलेला असेल, सारखी भूक लागून चिडेल, चालताना धरावं लागेल, पुढं टक्कल पडेल. आधी माहीत असलं की पोरं दोन मिनिटं बघतात आणि पत्ते काढतात. तिला सर्दी-खोकला असेल किंवा वर्गात कांजिण्या सुरू असतील तर त्या वेळी नको, पुढच्या खेपेला न्या.

आता तुम्ही काय करू शकता. पुष्कळ.

दुधापासून सुरू करते, कारण कोल्हापूरकर प्रेमानं चुकतात ते तिथंच. नातू केमोच्या मधल्या सुट्टीत घरी आला की कुणीतरी हमखास म्हणणार, गंगावेशीला नेऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध पाजा, पोरगं चार दिवसांत उभं राहील. नको. केमोत पांढऱ्या पेशी खाली जातात, न उकळलेलं दूध त्या काळात धोक्याचं. उकळून, घरात, हवं तितकं. कच्ची कोशिंबीर, रस्त्यावरचा उसाचा रस, उघडी मिसळ हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाजूला. पाणी उकळलेलं. पल्स पोलिओच्या रविवारी दारात बाई आल्या तर विचारल्याशिवाय त्याला डोस पाजू नका, केमो चालू असताना जिवंत लस देत नाहीत.

तापाचा नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावा. १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. कोल्हापुरात अशा वेळी कुठं जायचं, तिथं रात्री कोण असतं, हे मुंबईच्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या आणि उपचाराच्या कागदांची एक झेरॉक्स प्रत देवघराजवळ ठेवा, सगळ्यांना सापडेल अशी.

कुणी काढा, भस्म, 'खात्रीचं औषध' घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा. काही भस्मांत शिसं, पारा निघालेला आहे, आणि काही वनस्पती केमोच्या औषधांशी भांडतात. त्याचा भार आधीच दमलेल्या लिव्हरवर. द्यायचंच असेल तर डब्यासकट डॉक्टरांना दाखवून. नवस बोलायचा तर बोला, ज्योतिबाला आम्हीही खेटे घातले. पण नातीला गोड सोडायला लावू नका. भावाचं बरं-वाईट आपल्या जिभेवर आहे असं तिला वाटलं, तर तो दुसरा झोपाळा होईल.

तिला 'तू आता मोठी, शहाणी' असंही सारखं म्हणू नका. ती एक दिवस चिडेल. 'सगळे त्याचेच, मलाही ताप येऊ दे' म्हणेल, वही फाडेल. तेव्हा रागावू नका आणि डोळ्यात पाणीही आणू नका, खायला द्या. शाळेत बाईंना जाऊन सांगा. गॅदरिंग असेल तर घरातलं एक माणूस पुढच्या रांगेत बसलेलं तिला दिसलं पाहिजे. आजोबा चालतील. सूनबाईंना रोज रात्री पाच मिनिटं फक्त तिच्याशी बोलायला सांगा, त्यात नातवाचं नाव काढायचं नाही.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा. हॉस्पिटलातल्या समाजसेवकांना भेटायला मुलाला लाज वाटू देऊ नका, मुख्यमंत्री सहायता निधीपासून ट्रस्टच्या मदतीपर्यंतची कागदपत्रं तेच करून देतात. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, २००६ पासूनची, तिथं मूल आणि आईवडिलांना मोफत राहता येतं, स्वैपाक आपला आपण करता येतो. त्यासाठी नाव हॉस्पिटलच सुचवतं. तिथं जागा मिळाली की मेतकूट, नाचणीचं पीठ, भाजणी तुम्ही इथून पाठवायची. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो.

नातू बोलला की काय बोलला ते कळवा.

प्रश्न : माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा मेंदूच्या गाठीचे उपचार संपवून वर्षानं परत आलाय. हुशार होता. आता शुद्धलेखन निम्म्यात सोडतो, पाढे चुकतात, दुपारी बाकावर डोकं टेकतो. टोपी काढत नाही. आई म्हणते मागच्या वर्गात बसवा. काय करावं?
– एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बाई, आधी त्याचे कान तपासलेत का ते आईला विचारा. केमोतल्या सिस्प्लॅटिन नावाच्या औषधानं काही मुलांना उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. हाक ऐकू येते, पण स, श, फ गळतात. शुद्धलेखनात नेमकी तीच अक्षरं चुकतायत का बघा. माझ्या मुलीचं हे असंच, शिक्षकांनी वही पुढं केली तेव्हा लक्षात आलं. आता ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, श्रवणयंत्र लावते, वही संपवायला इतरांपेक्षा वेळ घेते.

दुसरं म्हणजे वेग. रेडिएशननंतर समजण्यापेक्षा उरकणं मंदावतं. त्याला येतं, पण तुम्ही पुढच्या ओळीवर गेलेल्या असता. पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, दहा गणितांच्या जागी पाच द्या. दुपारी झोप आली तर वीस मिनिटं झोपू द्या. मागच्या वर्गात घालण्याआधी एवढं करून बघा, कारण त्याचे मित्र तुमच्या वर्गात आहेत. टोपी राहू दे. मैदानावरच्या खेळांचं डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा, विशेषतः डोक्यात शंट, म्हणजे साठलेलं पाणी काढून देणारी नळी, बसवलेला असेल तर.

उंची खुंटणं, थायरॉइड मंदावणं हेही पुढं होऊ शकतं, म्हणून तपासणीची तारीख चुकू नये. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. तारखेच्या दिवशी हजेरीवरून कुरकुर होणार नाही एवढं मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. ऐकण्यात किंवा हालचालीत कायमचं उणेपण राहिलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र निघतं, कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात चौकशी करायला सांगा. परीक्षेत जास्तीचा वेळ मागायला ते उपयोगी पडतं. आई आत्ता 'दिव्यांग' शब्दाला बिचकेल. चौथीच्या अखेरीला परत विषय काढा.

आणि शुद्धलेखनाच्या पाचच ओळी दिल्यात तरी लाल पेन त्या पाचांवर इतरांइतकंच फिरू दे. त्याला सूट नको असते, वेळ हवा असतो. माझ्या मुलीचं हे मत आहे, हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा तिनं घालायला लावलंय.